म्हाळूचा महागडा चाकू

फार मागं एका दिवशी डोळा उघडू देणार नाही असा धुळीचा वारा सुटला होता. म्हाळू धनगराच्या चंचीत घडीचा महागडा चाकू अडकित्त्याशेजारी पडून होता. ओरखडा येईल म्हणून म्हाळू त्याला वापरतच नसे.

"निजा राजे," अडकित्ता म्हणे, "सुपारी फोडायला आम्ही आहोत."

वाऱ्यानं मेंढ्यांभोवती कुंपणासारखी लावलेली वाघरीची जाळी पडली आणि तिच्या दोरात अडकून एका कोकराच्या गळ्याला फास बसला. म्हाळूनं एका हातानं कोकरू तोलून धरलं, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं चाकू उघडला. दोर तुटला, पातं दगडावर घासलं. कोकरू आईला जाऊन लुचलं.

म्हाळूनं ओरखडा पाहिला, हसला आणि त्याच पात्यानं भाकरीबरोबर कांदा चिरला.

चाकू चंचीत परतला, तसा अडकित्ता सरकून म्हणाला, "ये पोरा. आज धन्याचे पैसे फिटले. कांद्याचा वास आला तरी चालेल."