तीन पायांवरचं स्टेशन

शेळ्यांच्या मुलखात रेल्वे स्टेशन एकच होतं आणि तेही बगळ्यांचं होतं. जमीन शेळ्यांची, पण रूळ, सिग्नल, तिकिटं, घड्याळ सगळं नदीपलीकडच्या बगळ्यांच्या राज्याचं. असं का, ते आता कुणाला नीट सांगता येत नसे. बगळे स्टेशन चोख चालवत, हे मात्र खरं. फलाट झाडलेला असे, नळाला पाणी असे, गाडीला कधी उशीर होत नसे. शेळ्यांना त्याचं फार अप्रूप होतं.

एका पायावर उभं राहणं ही बगळ्याची जन्माची सवय. स्टेशनमास्तरही तसाच उभा राही. पहिली गाडी आली त्या दिवशी दाढोबा नावाच्या पुढारी बोकडाने त्याच्यासमोर अदबीने आपलाही एक पुढचा पाय उचलून धरला. स्टेशनमास्तरने मान हलवली. दाढोबा धन्य झाला. तेव्हापासून फलाटावर उभं राहायचं ते एक पाय उचलूनच, असा रिवाज पडला आणि दाढोबा स्वतः त्यावर नजर ठेवू लागला. पुढे पुढे तर चारही पाय टेकलेली शेळी दिसली की गाडी थांबतच नाही, असं सगळे छातीठोकपणे सांगू लागले. तसं उभं राहून कुणी पाहिलं मात्र नव्हतं. घरोघरी गुडघे धरले होते आणि बाजारात गुडघ्यांच्या तेलाला भलताच खप होता.

काबरी ही डोंगराकडची म्हातारी शेळी. तिची लेक नदीपलीकडे दिलेली. एका साळुंकीने निरोप आणला, की लेकीचे दिवस भरलेत, पहिलटकरीण आहे, अंगावर सूज आहे आणि जवळ कोणी नाही. काबरी तशीच निघाली. पण तिचा मागचा एक पाय अधू होता. पुढचा उचलला की ती कोलमडे. फलाटावर ती पुन्हा पुन्हा पडली, तेव्हा दाढोबाने तिला बाहेर काढलं. गाडी तिच्यादेखत गेली. काबरी पोटभर रडली. मग डोळे पुसून तिकिटाच्या खिडकीशी गेली. आत स्टेशनमास्तर होता.

“साहेब, पाय वर धरायचा कायदा तुमचा का?”

“छे! आमच्या राज्यात असा कायदा नाही.”

“मग यांना सांगत का नाही?”

“कशाला सांगायचं?” बगळा शांतपणे म्हणाला. “तीन पायांवरची शेळी धक्काबुक्की करत नाही. आम्हाला बरं पडतं.”

काबरीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण भांडणात वेळ घालवणं तिला परवडणारं नव्हतं. तिने दुसऱ्या दिवशीचं तिकीट मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती फलाटाच्या मधोमध चारही पाय रोवून उभी राहिली.

“पाय उचल!” दाढोबा ओरडला.

“नाही उचलायची. तो कायदाच नाही. मी मास्तरांना विचारून आलेय.”

“अगं, तुझ्यापायी आमची गाडी जाईल!” रांगेतून आवाज आले.

“माझी लेक तिकडे एकटी आहे. आज मी जाणार म्हणजे जाणार.”

दाढोबा तिला ढकलायला गेला आणि तीन पायांवरून स्वतःच घसरला. काबरी तसूभर हलली नाही. त्याने चिडून चौथा पाय टेकवला आणि शिंगं लावली. तरी ती हलेना. मग रांगेतल्या शेळ्या धावल्या. म्हातारी असली तरी ती डोंगरातली शेळी होती. तिला हलवायचं तर प्रत्येकीला आपले चारही खूर जमिनीत रुतवावे लागत होते. या रेटारेटीत गाडीची शिट्टी कुणाला ऐकूच आली नाही.

गाडी आली आणि थांबली.

दार उघडलं. काबरीने अंग सोडवून घेतलं आणि लंगडत आत चढली. तिच्यामागे फलाटावरची रेटारेटी थांबली. शेळ्या गाडीकडे पाहत होत्या, मग आपल्या पायांकडे. दाढोबाने सवयीने एक पाय उचलला. बाकी कुणीच उचलला नाही.

फलाटाच्या टोकाला, हिरवं निशाण धरलेल्या स्टेशनमास्तरने ती सगळी गर्दी एकदा निरखून पाहिली आणि पोटाशी घेतलेला आपला दुसरा पाय हळूच खाली टेकवला.