कलिंगडवाल्याच्या पिकअपचा फाळका

नदीकाठच्या एका गावात एक कलिंगडवाला राहत असे. माणूस मोठा दिलदार, पण स्वतःची चूक कबूल करायची म्हटली की त्याच्या अंगावर काटा येई. त्याच्याकडे एक पिकअप होती. ती मागे घेताना आपल्याला आरसासुद्धा लागत नाही, अशी फुशारकी तो गावभर मारी.

एकदा पलीकडच्या गावातल्या शाळेत खेळांचा दिवस होता. दुपारच्या सुट्टीत दोनशे पोरांना कलिंगडं खाऊ घालायचं त्याने कबूल केलं होतं. सकाळी माल भरायला तो मळ्यात पिकअप मागे घेऊ लागला. बायको मागून "थांबा, थांबा" म्हणत होती. हा कसला थांबतोय! गाडीचा मागचा फाळका विहिरीच्या कठड्यावर आपटला आणि असा वाकला की काही केल्या बंद होईना. तसंच निघावं, तर पहिल्याच चढाला सगळी कलिंगडं रस्त्यावर.

दोघं पत्रेकाम करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेली. मिस्त्रीची एक रीत होती. हातोडी उचलण्याआधी तो विचारी, मार कुठे बसला? कारण पत्रा ज्या क्रमाने वाकतो, त्याच्या उलट्या क्रमाने तो सरळ करायचा. जिथे मार बसला, तिथे सगळ्यात शेवटी जायचं.

कलिंगडवाल्याने घसा खाकरला आणि बैलाने मधोमध धडक दिली म्हणून ठोकून दिलं. बायकोने डोळे मोठे केले, पण चारचौघांत नवऱ्याची शोभा कशाला, म्हणून ती गप्प राहिली.

मिस्त्रीने कडांपासून सुरुवात केली. डावीकडे दाबलं की उजवीकडे पोक येई, ते बसवलं की मधला भाग टम्म फुगे. ऊन चढत चाललं. मैदानावर घामाघूम झालेली, रस्त्याकडे बघत बसलेली पोरं कलिंगडवाल्याच्या डोळ्यांपुढे येऊ लागली.

शेवटी मिस्त्रीने हातोडी खाली ठेवली. "पाव्हणं, माणूस थापा मारतो, पत्रा न्हाई मारत. मार कुठं बसला, पुन्यांदा सांगा."

कलिंगडवाल्याने एकदा बायकोकडे पाहिलं.

"बैल न्हवता बाबा, मीच होतो. ही थांबा थांबा म्हणत होती, मी ऐकलं न्हाई. खालचा डावा कोपरा इहिरीच्या कठड्यावर बसला."

बायकोला हसू आवरेना. मिस्त्रीही हसत हसत कामाला लागला. आधी मधला फुगवटा बसवला, मग घडी उलगडली, शेवटी कोपऱ्यावर चार हलके ठोके. फाळका खटकन लागला. दोघांनी मळ्यात जाऊन भराभर माल भरला आणि सुट्टीची घंटा होता होता शाळा गाठली.

पोरांच्या कोपरांपर्यंत रस ओघळत होता. एका चिमुरडीने फाळक्यावरच्या ठोक्यांच्या खुणांवर बोट फिरवत विचारलं, "काका, हे कुणी केलं?"

"मीच केलं," कलिंगडवाला म्हणाला आणि त्याने सगळी हकिगत तिखटमीठ लावून सांगितली. पोरं हसली, गुरुजी हसले, आणि सगळ्यांत मोठ्याने तो स्वतः हसला. आपण उगाच इतकी वर्षं घाबरत होतो, असं त्याला वाटलं.

तात्पर्य काय, तर चूक कुठे झाली ते स्वतःच्या तोंडाने सांगावं. मग ती सरळ व्हायला वेळ लागत नाही.