दोर धरणारी बहीण

फार पूर्वी, मध फक्त कड्यावरच मिळायचा आणि तो हवा असेल तर माणसाला दोराला लोंबकळत खाली उतरावं लागायचं, तेव्हाची ही गोष्ट. एका उंच कड्याच्या माथ्यावर मध काढणाऱ्यांचं एक गाव होतं. कड्याच्या पोटात आग्या माश्यांची सुपाएवढी पोळी लटकायची. पुरुष दोरावरून उतरून ती काढायचे आणि वर दोर धरायच्या त्यांच्या बहिणी. बायको चालायची नाही, मित्र चालायचा नाही. बहिणीचा हात सुटत नाही, असं त्या गावाचं म्हणणं होतं. ज्याला सख्खी बहीण नसेल तो एखादी मानून घ्यायचा.

दोर धरणारीनं सतत गात राहायचं, हीसुद्धा तिथली रीत. खाली धुरात आणि माश्यांच्या घोंघाटात लटकणाऱ्या भावाला वरचं काही दिसत नसे. गाणं ऐकू येतंय तोवर बहीण जागेवर आहे एवढं त्याला कळायचं, आणि त्याचा हात कापायचा नाही.

त्या गावात सोनकी नावाची एक बाई होती. आवाज म्हणाल तर जरा घोगराच. पण तिच्या भावाला दुसरा आवाज चालत नसे. माथ्यावरच्या जांभळाखाली तिची ठरलेली जागा होती. तिथं पाय रोवून तिनं इतके मोसम दोर धरला होता की जांभळाच्या मुळीवर तिच्या टाचांचे खळगे पडले होते.

दोर मात्र गावात एकच, सगळे पाळीपाळीनं त्यावरूनच उतरायचे. त्याला थोरला दोर म्हणत. पणज्याच्या पणज्यानं वळलेला, म्हणे. तो कधी बदलायचा नाही. दर मोसमाच्या पहिल्या दिवशी त्याला मेण चोळायचं, शेंदूर लावायचा आणि वरून नव्या वाखाच्या धाग्यांचा एक थर चढवायचा. दोर वर्षागणिक जाड होत चालला होता आणि गावाला त्याचा कोण अभिमान. आत काय चाललंय हे उकलून बघायचं कुणाच्या मनातही आलं नाही. देवाची नाडी कोण बघतं?

एका मोसमात दोर सोडता सोडता सोनकीच्या तळहाताला एक जागा मऊ लागली. वरचा वाख करकरीत होता, पण दाबलं की बोट आत जायचं, जास्त पिकलेल्या केळ्यात जातं तसं. भाऊ वर येईपर्यंत ती गात राहिली आणि तो वर आल्यावर सरळ गावच्या नाईकाकडे गेली.

"नाईकबाबा, दोर एका जागी आतून गेलाय," ती म्हणाली. "एकदा उकलून बघू या."

नाईक काही वाईट माणूस नव्हता. पण मोसम भरात होता, पायथ्याला व्यापाऱ्यांचे बैल येऊन थांबले होते, आणि थोरल्या दोराबद्दल असं बोललेलं त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. तो रागावला नाही, आवाजही चढवला नाही. सोनकीचे हात दमलेत, असं तो सगळ्यांदेखत म्हणाला. तिनं थोडे दिवस खाली ओढ्यापलीकडे मेणाच्या भट्टीवर बसावं, तिला विश्रांती मिळेल. अशी विश्रांती ज्याच्या वाट्याला येते त्यालाच तिची चव कळते.

दुसऱ्या दिवसापासून बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. दोराला नाव ठेवणारी, तिची सावली नको. भाऊ तिला ओढ्यापर्यंत पोचवायला आला तेव्हा त्याची मान खाली होती.

"कशाला बोललीस सोने?" तो म्हणाला. "गप्प राहिली असतीस तर वर असतीस."

"मी गप्प राहिले असते तर तू कुठे असतास, दादा?" तिनं विचारलं. तो परत फिरला.

भट्टीवर काम सोपं होतं. रिकामी पोळी कढईत उकळायची आणि मेण गाळायचं. सोनकीच्या केसांना, कपड्यांना मेणाचा वास लागला. हात काम करायचे आणि डोळे कड्याकडे. खालून माथ्यावरचं जांभूळ मुठीएवढं दिसायचं. सकाळी वारा भट्टीकडे वाहत असला की वरचं गाणं तुटक तुटक ऐकू यायचं. आता तिच्या भावाचा दोर शेजारची चांगुणा धरायची, त्याची मानलेली बहीण. चांगुणाचा आवाज गोड होता. कडव्याचा जो तुकडा वाऱ्यानं गिळला, तो सोनकी खाली एकटीच म्हणायची. आपलं गाणं वर पोचत नाही हे ठाऊक असूनही म्हणायची. मान, मध, कशाचीच तिला आस नव्हती. तिला मुळीवरचे ते दोन खळगे हवे होते, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला आपल्या माणसाचा भार हवा होता. कधी कधी भट्टीशी बसल्या बसल्या तिच्या मुठी आपोआप मिटायच्या आणि मग रिकाम्या मुठी बघून तिला रडू यायचं.

वर चांगुणाच्या हाताला ती मऊ जागा पहिल्याच दिवशी लागली होती. तिनं एकदा नाईकाकडे पाहिलं, एकदा ओढ्यापलीकडच्या धुराकडे पाहिलं आणि पुढचं कडवं जरा मोठ्यानं म्हटलं.

आणि एके दिवशी गाणं मधेच थांबलं. सोनकी कढई तशीच टाकून उठली. गाण्याच्या मागोमाग एक किंकाळी खाली आली, आणि ती चांगुणाची होती.

दोर तुटला होता. नशीब म्हणायचं की भाऊ करवंदीच्या जाळीत एका कपारीवर अडकला. जीव वाचला, पण पाय असा मोडला की पुन्हा दोरावर उतरणं संपलं. नाईकानं तुटलेलं टोक हातात घेतलं तेव्हा आतून तपकिरीसारखा भुसा गळला. त्यानं दोर धरणाऱ्या सगळ्या बायकांना जांभळाखाली बोलावलं आणि विचारलं की हे कुणाला ठाऊक होतं.

एकेक जण आपल्या तळहातांकडे बघत उभी राहिली, आणि ते बघून नाईकाला कळायचं ते कळलं.

"अगं, सगळ्यांना ठाऊक होतं, मग एकीनं तरी सांगायचं होतं," तो म्हणाला.

तेव्हा एक म्हातारी पुढे आली. "एकीनं सांगितलं होतं की, नाईका. ती भट्टीवर आहे."

नाईक त्याच दिवशी कडा उतरला. भावाला कपारीवरून काढून ओढ्यापलीकडे सोनकीकडेच आणलं होतं, आणि ती त्याच्या पायाला पाला बांधत होती. नाईकानं तिच्यासमोर हात जोडले. चूक माझी, म्हणाला. तुझी जागा तुझी आहे, आत्ता चल.

सोनकीला वाटलं, असंच उठावं आणि चढायला लागावं. तिचे पाय तर उठलेही होते. पण ती परत खाली बसली.

"आज मी खरी ठरले म्हणून तुम्ही आलात, बाबा," ती म्हणाली. "दादा पडला नसता तर मी इथंच म्हातारी झाले असते. आता दुसरी कुणी तुम्हाला ऐकायला नको असलेलं सांगेल, आणि दुसऱ्या दिवशी तिचंच गाणं मला इथं ऐकू येईल, तेव्हा मी येईन."

नाईक गेला आणि ती किती तरी वेळ त्याच्या पाठीकडे बघत बसली. हातचं सोडलं म्हणून भाऊ तिच्यावर चिडला नाही. या खेपेला त्यानं तिच्या डोळ्यांत बघितलं आणि बरं केलंस म्हणाला.

गावानं नवा दोर वळला. पण माणसाचा जीव जुन्यात अडकतो. नाईकानं मान म्हणून थोरल्या दोराचा हातभर तुकडा नव्या दोराच्या मधे वळून घेतला. कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. माथ्यावर पुन्हा गाणी सुरू झाली. सोनकी ती खालून ऐकायची, कुणाचा आवाज कुठला ते ओळखायची आणि वाट बघायची.

एका सकाळी चांगुणाचं गाणं पहिल्या कडव्यातच थांबलं. सोनकीनं कान दिला, पण किंकाळी आली नाही. त्या दिवशी पोळी वाहणाऱ्या बायका रिकाम्या पाट्या घेऊन खाली आल्या आणि त्यांनी सांगितलं ते असं. चांगुणाच्या हाताला नव्या दोरात मऊ जागा लागली. तिनं उतरू लागलेल्या माणसाला वर ओढून घेतलं आणि जागा नाईकाला दाखवली. तो थोरल्या दोराचाच तुकडा होता. नाईकाचा चेहरा उतरला. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं, व्यापारी खोळंबले होते. मग त्यानं कोयता मागवला आणि तो तुकडा स्वतःच्या हातानं कापून टाकला. दिवसभराचं काम बुडालं.

"आणि चांगुणा?" सोनकीनं विचारलं. नाईक तिचं काय करणार ते बायकांना ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या सकाळी सोनकीनं भट्टी पेटवलीच नाही. ती आणि भाऊ ओढ्याच्या काठी कान लावून बसले. वारा पडला होता. ऊन कड्यावर आलं तरी काही नाही. भावानं तिचा हात हातात घेतला. आणि मग वरून तो आवाज आला, गोड आणि आज जरा ताठ. चांगुणा गात होती.

सोनकी रडत रडत हसली. भाऊ म्हणाला, "जा."

ती कडा चढून गेली. बायकांनी तिला वाट दिली, कुणी तिच्या हाताला धरलं. तिनं मुळीवरच्या आपल्या खळग्यांत टाचा ठेवल्या, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी भावाचा भार हातात घेऊन गाऊ लागली. दोरावरच्या माणसासाठी लागतं त्याहून ती मोठ्यानं गायची, कारण तिचं गाणं ओढ्यापलीकडे बसलेल्या भावापर्यंतही पोचायला हवं होतं.

तात्पर्य: धोका सांगणारीची जागा दुसऱ्या दिवशीही तिचीच राहिली, तरच तिसऱ्या दिवशी कुणी तोंड उघडतं, आणि ती जागा राखणं हे दोर ज्याच्या हुकमात असतो त्याचं काम.