पायरीवरून माघारी फिरणारी जुडी

आगेराच्या दिवशी, म्हणजे नव्या भातासाठी देवाचे आभार मानण्याच्या सणाला, तारवली गावची मिरवणूक वाजतगाजत चर्चच्या पायरीपर्यंत येते आणि तिथून माघारी फिरते. पाहुण्यांना वाटतं, काहीतरी चुकलं. फादर दारात उभे असतात, वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या असतात, आणि भाताच्या लोंब्यांची जुडी घेतलेला माणूस चर्चकडे पाठ करून चालू लागतो. मग गावचे म्हातारे इनासकाका पाहुण्यांना शेजारी बसवून सांगतात, ते असं.

फार पूर्वी सिमांव नावाचा माणूस गावचा पाटील होता. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध होता आणि बांधाला उघाडी, म्हणजे फळीचं दार. ओहोटीला फळी काढून पावसाचं पाणी सोडायचं, भरतीआधी ती परत बसवायची. हे काम नातालीन नावाची विधवा नवऱ्यामागे करत असे. एका वर्षी पावसाच्या अखेरीला फळी नाहीशी झाली, भरती आत शिरली आणि खालच्या अंगाच्या बारा घरांचं उभं भात करपलं. पाटलाचं शेत उंचावर, ते वाचलं.

त्या रविवारी मिसा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुटल्यावर सिमांवने याच पायरीवरून सांगितलं, की नातालीनने फळी चोरून सरपणाला नेली. चौकशी कोणी केली नाही. बाई एकटी आणि बोलणारा पाटील, एवढा पुरावा गावाला पुरला. तिचं काम गेलं. उघाडीत दगडमाती भरली. मिसेला तिच्याशेजारी कोणी बसेना. दीड महिना ती दाराबाहेर उभी राहून प्रार्थना करत होती म्हणे, आणि आत तेच गाव प्रार्थनेत अपराध्यांना क्षमा केल्याचं मोठ्या आवाजात म्हणत होतं.

आगेराची पहिली जुडी वाहायचा मान पाटलाचा. त्या सकाळी सिमांव विळा घेऊन शेतात उतरला. चार मुठी कापल्या, तोच विळा लाकडावर आपटला. भाताच्या बुडाशी चिखलात फळी पडली होती. त्याला सगळं आठवलं. शेतात पाणी तुंबलं म्हणून त्यानेच घाईघाईत ती काढली होती, खांद्यावर घेऊन पाण्याचा उतार बघत इथवर आला होता आणि विसरून गेला होता. बघणारं कोणी नव्हतं. फळी पायाने खोल दाबली की विषय संपला. त्याने ती दाबलीही, असं सांगतात.

मिरवणूक निघाली. पायरीशी येऊन सिमांवने पाय उचलला आणि परत खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. पाटलाच्या पायात वात आला वाटतं, असं मागून कोणीतरी हसलं. सिमांव वळला आणि तडक शेताकडे गेला. वाजंत्री थांबली, गाव जिथल्या तिथं उभं राहिलं. चिखलातून फळी उपसून त्याने डोक्यावर घेतली आणि तो नातालीनच्या झोपडीत शिरला.

ती वाल सोलत होती. हलक्या आवाजात सिमांवने चूक सांगितली, क्षमा मागितली. तिने मान वर केली नाही.

"चोर म्हणालात साऱ्या गावासमोर, पाटील. माफी कुडाआड मागता?"

"तिथं बोललो तर क्षमा करशील, बाय?"

"आधी बोला. माझं मी बघेन."

हमी न मिळताच तो परत निघाला. ती मागून चालत होती, पण तिच्या मनात काय आहे ते त्याला कळेना. पायरीवर न चढता त्याने खाली मातीत गुडघे टेकले आणि सगळं सांगितलं. ऐकताना गावाच्याही माना खाली गेल्या. फादर काही बोलू गेले, तर नातालीनने हातानेच त्यांना थांबवलं.

"ती फळी द्या इकडं," ती म्हणाली. "दगडमातीने कधी उघाडी टिकते होय? परवा अमावास्या, भरती मोठी येईल."

फळी खांद्यावर टाकून ती सगळ्यांच्या पुढे चर्चमध्ये गेली. जुडी घेऊन सिमांव सगळ्यांच्या मागून आला. देवाचे आभार त्यानंतर मानले गेले.

आजही जुडी हाती आलेला माणूस त्या वर्षी ज्याला दुखावलं त्याच्या दारी जातो, त्याला घेऊन येतो आणि पायरीखाली उभं राहून सर्वांसमोर बोलतो. दुखावलेली माणसं जास्त असली की मिरवणूक चार-पाच वेळा फिरते, मिसेला दुपार होते, जेवणं निवून जातात. कोणी कुरकुर करत नाही. एका वर्षी मात्र मिरवणूक सरळ आत गेली. मिसा वेळेवर संपली, आणि वर्षभरात कोणीच कोणाला दुखावलं नसेल हे खरं न वाटून पंगतीला बसलेले लोक घास हातात धरून एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले.