हजाराव्या पौर्णिमेचे पाहुणे

पूर्वी कांपिल्य नगरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे अमात्य होते. राजाची आई भद्रावती हिला त्या वर्षी आयुष्यातली हजारावी पौर्णिमा दिसणार होती. राजाने दवंडी पिटवली, हत्ती सजवायला घेतले. राजमातेला मात्र हा थाट मुळीच रुचला नाही. पती गेला होता, सख्या गेल्या होत्या, दात तर केव्हाच गेले होते. तिने महालाची कडी आतून लावून घेतली. "सोहळा मोडल्याशिवाय मी अन्नाला शिवणार नाही," असे सांगून टाकले.

दोन दिवस गेले. राजा रडकुंडीला आला. तिसऱ्या दिवशी सकाळी अमात्य जाऊन दाराबाहेर बसले.

"राजमाते, सोहळा का नको?"

"मी असं केलंय तरी काय रे? मरायची राहिले, एवढंच! त्याचं कसलं कौतुक?"

"बरोबर आहे," अमात्य म्हणाले. "मग कौतुक ज्यांनी मरू दिलं नाही त्यांचं करू. त्यांची नावं तेवढी सांगा."

राजमाता आत बसून आठवू लागली. सात वर्षांची असताना ती गंगेत वाहून चालली होती.

"गौरा नावाची कोळीण होती," ती हळूच म्हणाली. "केस धरून ओढलं मेलीनं! आठवडाभर टाळू दुखत होती." आणि तिला हसू फुटले.

मग नावांची रीघच लागली. देवी आल्या तेव्हा उशाशी कडुलिंब घेऊन बसलेली शेजारीण. अरिंदम आडवा आला तेव्हा तीन दिवस न झोपलेली सुईण. दुष्काळात स्वतःच्या ताटातले वाढणारी सासू. दुपार झाली तरी नावे सरेनात.

"पण यांतलं आता कुणीच नाही रे," ती म्हणाली.

"लेकरं-नातवंडं असतील की. बोलावू?"

कडी निघाली. राजमातेने आधी वाटीभर पेज मागितली.

पौर्णिमेला ती सिंहासनावर बसलीच नाही. वेशीशी उभी राहून एकेका पाहुण्याला हाताने लाडू देत होती. गौरेची पणती बुजत बुजत पुढे आली. "आजी, आमच्या पणजीनं तुम्हाला वाचवलं, हे आमच्या घरी कुणाला ठाऊकच नव्हतं."

"माझ्यासुद्धा ध्यानात नव्हतं गं, परवापर्यंत," राजमाता म्हणाली, आणि तिने त्या पोरीला पोटाशी धरले.

पुढे ती आणखी अकरा पौर्णिमा जगली. दर पौर्णिमेला ती अशा एकेका पाहुण्याच्या अंगणात जाऊन बसे आणि चंद्र उगवला की लहान मुलीसारखी टाळ्या वाजवी.

एवढे सांगून शास्ता भिक्षुसंघाला म्हणाले, "'मी उगीच मागे उरले' म्हणून खंत करणारी ही वृद्ध भिक्षुणी उपसोमा त्या जन्मी राजमाता होती. तिला रोज हात धरून भिक्षेला नेणारी तरुण भिक्षुणी ही गौरेची पणती. भिक्षू आनंद तेव्हा राजा होता, आणि अमात्य तो मीच. आपले आयुष्य किती हातांनी इथवर आणून पोचवले हे ओळखणे, हीच कृतज्ञता."