कात्री दोघांच्याही नशिबी

मुलांनो, ही गोष्ट जंगलातली म्हणायची, पण जंगल काही फार मोठं नव्हतं. टेकडीच्या पायथ्याशी एक बंगला होता, बंगल्याला नवीकोरी बाग होती, आणि बागेच्या कुंपणाबाहेर एका बाभळीवर मनोली पक्ष्यांचं एक कुटुंब राहत असे. मनोली म्हणजे चिमणीहूनही लहान, तपकिरी रंगाची, जाड चोचीची पाखरं. दिसायला साधी, पण घरटं विणण्यात हुशार. त्या वर्षी रस्ता रुंद झाला आणि बाभूळ गेली. नेमकी त्याच वर्षी या मनोलींच्या घरात नवी सून आली होती.

सून नदीकाठची. बोलायची कमी, बघायची जास्त. सासूबाईंना वाटे, पोर भोळी आहे. सासरी असा समज झालेला असला की पुष्कळ सोयीचं असतं, म्हणून सुनेनेही तो दूर केला नाही.

श्रावण लागला. सुनेचे अंडी घालायचे दिवस जवळ आले आणि घरट्याला जागा नव्हती. सगळी बागेत शिरली. बागेत पाहण्याजोग्या जागा दोनच. बंगल्याच्या दारासमोर डुरांट्याचं झुडूप होतं. सोनेरी पानं, चेंडूसारखा गोल आकार, येणाऱ्याजाणाऱ्याची नजर आधी त्यावरच जायची. दुसरीकडे, मागच्या भिंतीला लागून शोभेच्या गवताचा एक मोठा झुबका होता. लांब जांभळट पाती, आणि टोकाला कोल्ह्याच्या शेपटीसारखे मऊ तुरे.

"यात बघायचं काय आहे?" सासूबाई म्हणाल्या. "झुडूप ते झुडूप. दाट, भारदस्त, दारासमोर. गवतात घर करायला आपण काय टोळ आहोत?"

"आई म्हणते ते बरोबर आहे," नवरा म्हणाला, आणि बायकोच्या जवळ सरकून हळूच पुटपुटला, "शिवाय गवत हलतं गं."

सून गालातल्या गालात हसली. नदीकाठी तिला पाहायला आधी दोन स्थळं येऊन गेली होती. दोघांनीही आपली चोच, आपले पंख, आपली भरारी यांचं असं काही वर्णन केलं होतं की हे गरुडच चुकून मनोलींच्या घरी जन्मले असावेत. तिसरा आला तो हा. फांदीवर बसल्या बसल्या म्हणाला होता, "आधीच सांगतो, मला झोका सोसत नाही. फांदी जास्त हलली की पोटात गोळा येतो." पाखराच्या जातीने असं सांगायचं म्हणजे धाडसच. सुनेने त्याच संध्याकाळी होकार कळवला होता.

पहिलं घरटं सासूने विणून द्यायचं आणि त्यात शेवटचं मऊ पीस सुनेने ठेवायचं, अशी त्या घराण्याची रीत होती. पीस ठेवलं की घर पत्करलं. सासूबाई कामाला लागल्या. झुडपाच्या आत नुसत्या उघड्याबोडक्या काड्या होत्या, म्हणून त्यांनी वरच्या पानांच्या लगतच घरटं धरलं. हात चांगला होता त्यांचा. बघता बघता वाटोळं, सुबक घरटं उभं राहिलं. "झालं!" त्या म्हणाल्या. "आता पीस ठेव, सूनबाई, आणि सुखाने नांद."

सून पीस घेऊन आली. पण ते ठेवण्याआधी तिने झुडपाभोवती एक फेरी मारली. झुडपावर कोळ्याचं एक जाळं नव्हतं. कुणाचं जुनं घरटं नव्हतं. एक पान दुसऱ्याच्या पुढे गेलेलं नव्हतं. नदीकाठी तिने शेकडो झुडपं पाहिली होती, पण आपणहून गोल झालेलं एकही पाहिलं नव्हतं.

झुडपात एक सरडा मान वर करून बसला होता. तो तिथला जुना रहिवासी.

"भाऊजी," सुनेने पीस पायाखाली धरून विचारलं, "इथे राहायला कसं आहे हो?"

"उत्तम! एकदम उत्तम, वहिनी. शेजार चांगला, पत्ता चांगला."

"आणि तुमची शेपटी?"

सरड्याने अर्धवट शेपटी चटकन पानाखाली ओढली. "ती पहिल्यापासून अशीच आहे," तो म्हणाला, आणि त्याचा रंग जरासा उतरला. सरड्यांना रंग बदलता येतो हे खरं, पण हवा तेव्हा लपवता येत नाही.

मग सुनेने झुडपालाच विचारलं, "रागावू नका, पण घर करायचं म्हणून विचारते. तुमच्यात काही उणं असेल तर आत्ताच सांगाल का?"

"उणं? माझ्यात?" झुडपाची पानं शहारली. "बाई, बारा महिने हाच रंग, हाच आकार. पाहुणे आले की माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. त्या पलीकडच्याला विचार उणं काय ते. तुझा आजचा दिवस पुरायचा नाही."

सून पीस घेऊन मागच्या भिंतीकडे गेली आणि गवतालाही तोच प्रश्न विचारला.

"बस पोरी," गवत म्हणालं. "माझ्यात उणं पुष्कळ. वाऱ्यावर मी डुलतं, ते काही माझ्या हातात नाही. जोराची सर आली की भिंतीकडची बाजू ताठ राहते, पण अंगणाकडची आडवी होते. आणि थंडी सरली की माळी कात्री घेऊन येतो आणि मला बुंध्यापासून कापून नेतो. तेव्हा इथे वीतभर खुंटांशिवाय काही उरत नाही. मात्र तोवर मला कोणी हात लावत नाही."

"कात्री म्हणजे त्या झुडपासारखी तुम्हालाही आहे तर."

"आहे ना. तिच्याशिवाय पुन्हा फुटणार कसं?"

सुनेने मनाशी हिशेब मांडला. थंडी सरेपर्यंत तिची पिल्लं उडून गेलेली असणार होती. अंगणाकडची बाजू पडते, तर घर भिंतीकडे बांधता येईल. डुलतं, तर पाच-सात पाती एकत्र वळून घेता येतील. उरलं नवऱ्याच्या पोटातल्या गोळ्याचं. तिने भिंतीकडच्या पात्यांमध्ये, जिथे घरटं बांधायचं त्या जागी, पीस खोचून ठेवलं.

सासूबाईंनी ते कुंपणावरून पाहिलं. "पीस ठेवलंस? गवतात? आणि मी विणलेलं घर काय शोभेला?"

"आई, त्या झुडपाला इतकं गोल कोण करतं, ते त्याने सांगितलं नाही."

"झाडाची उलटतपासणी घेणारी सून पहिल्यांदाच बघतेय मी!" सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी अबोला धरला. अबोला मोठा होता. रोज सकाळी झुडपावरच्या रिकाम्या घरट्यापाशी जाऊन त्या बसत आणि सगळ्यांना दिसेल अशा बेताने उसासा टाकत.

इकडे नवरा-बायकोने पाती वळायला घेतली. वारा आला की नवरा डोळे घट्ट मिटून पात्याला लटकून राही. "अहो, निदान एक डोळा उघडा," बायको म्हणे, "गाठ माझ्या पायाला मारताय." त्याने कुरकुर केली, दोनदा त्याला मळमळलं, पण त्याने काम सोडलं नाही. घरटं सासूबाईंच्या घरट्याइतकं सुबक झालं नाही. एक बाजू तर घाईत मोकळीच राहिली. अंडी मात्र वेळेवर आली, पाच पांढरीशुभ्र अंडी, आणि सून त्यांच्यावर बसली.

मग एका उघडिपीच्या सकाळी बागेत माळी आला. त्याच्या हातात लांब पात्याची कात्री होती. तो थेट दारासमोर गेला, झुडपाभोवती फिरला आणि म्हणाला, "पावसाने फारच माजलास रे बाबा." आणि कच्‌ कच्‌ कच्‌! सोनेरी पानांचा पाऊस पडू लागला. सरडा शेपटी, म्हणजे होती तेवढी शेपटी, सांभाळत उडी मारून पळाला. कात्री वरच्या पानांच्या लगत आली आणि सासूबाईंनी विणलेलं घरटं दुभंगून माळ्याच्या पायाशी पडलं.

माळ्याने वाकून ते उचललं. "अरेरे. रिकामं होतं, बरं झालं," असं म्हणून त्याने ते बंगल्याच्या कठड्यावर ठेवलं. पुन्हा चेंडू झालेल्या झुडपाकडे लांबून एकदा पाहिलं, आणि जाताना गवताच्या तुऱ्यांवरून हात फिरवत तो म्हणाला, "तुझी पाळी थंडी सरल्यावर."

सुनेने पंख पसरून अंडी झाकली होती. पंखाखाली ती गरम होती, पाचही. तिने हळूच श्वास सोडला.

सासूबाई कुंपणावर होत्या. मग त्या कठड्यावर उतरल्या, मोडक्या घरट्यातून एकेक मऊ काडी उपसू लागल्या, आणि त्या घेऊन गवतापाशी आल्या.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "ही बाजू मोकळी राहिलीये. पिल्लांना वारा लागेल. सरक जरा."

सून सरकली. सासूबाईंनी मोकळी बाजू विणून काढली, ती आपल्याच मोडक्या घरट्याच्या काड्या वापरून. झुडपाचं नाव दोघींपैकी एकीनेही काढलं नाही.

पुढे पिल्लं झाली, डुलत डुलत मोठी झाली आणि उडून गेली. थंडी सरली तसा माळी आला आणि त्याने गवत बुंध्यापासून कापून नेलं. सून खुंटांपाशी भेटायला आली.

"सांगितलं होतं ना?" गवत म्हणालं.

"सांगितलं होतंत," सून म्हणाली. "म्हणून तर राहिलो. पावसाळ्यात परत येतो."

"या वेळी तरी," नवरा भिंतीवरून ओरडला, "थोडं कमी डुलायला सांग त्याला!"

तात्पर्य : उणं प्रत्येकातच असतं, जो ते आधी सांगतो त्याच्या आधाराने घर बांधावं, कारण सांगितलेल्या उण्यावर उपाय करता येतो, झाकलेलं मात्र कात्री येईपर्यंत कळत नाही.