पिशवी फाटलेला कांगारू

लेकीला घरीच शिकवायचं, पहिला धडा कांगारूचा, असं ठरवून सुमेधा वाचनालयात आली खरी. पण कांगारूंची चार-चार पुस्तकं पाहून तिचं डोकंच चालेना. एका वेळी मिळणार एकच. जाड घ्यावं की पातळ? चित्रांचं की माहितीचं? ती कधी हे उचले, कधी ते ठेवी.

तेवढ्यात वाचनालयाचे अध्यक्ष आबासाहेब खांबेटे पुढे झाले.

"हे न्या! मी स्वतः निवडलंय. इतकी वर्षं झाली, पानाला सुरकुती नाही. नाहीतर हे बघा!" त्यांनी नाक मुरडत दुसरं पुस्तक चिमटीत धरलं. "पोरांनी बोटं घालून घालून कांगारूची पिशवीच फाडली. आता रद्दीत!"

सुमेधाचा गोंधळ तिथेच मिटला.

"आबासाहेब, हेच द्या. ते तुम्ही निवडलंय, हे पोरांनी."